जमते, पण कितीला पडते? जन्मतः दुखावलेल्या हातासह प्रौढपणी जगताना

एर्ब्ज पाल्सी, म्हणजे जन्मताना नसांना इजा होऊन अधू झालेला हात, घेऊन जगणाऱ्या माणसाला आयुष्यभर दुखावलेल्या हाताविषयीच विचारले जाते. डॉक्टर तोच हात तपासतात आणि नातेवाईकही त्याचीच चौकशी करतात. प्रत्यक्षात तिशी-चाळिशीनंतर तक्रार सुरू होते ती बहुतेकदा दुसऱ्या, म्हणजे चांगल्या हाताची. माझा डावा हात जन्मापासून अधू आहे, पण पहिल्यांदा मी डॉक्टरांकडे स्वतःहून गेलो तो उजव्या हाताची बोटे रात्री मुंग्या येऊन बधिर होऊ लागली तेव्हा. तोपर्यंत कुणी विचारले की माझे ठरलेले उत्तर असे, “मला सगळे जमते.” ते खोटे नव्हते, पण जे जमते ते शरीराला कितीला पडते याचा हिशेब मी कधी मांडलेला नव्हता. पुढील मजकूर हा हिशेब कसा मांडावा आणि कुठे कसा वाचवावा याविषयी आहे.

आधी स्वतःचे निदान नीट समजून घ्यावे

हाताला जाणाऱ्या नसा मानेतील पाचव्या, सहाव्या, सातव्या व आठव्या आणि छातीच्या पहिल्या अशा पाच चेतामुळांपासून निघतात आणि मान व बगल यांच्या दरम्यान एकमेकींत गुंतून एक जाळे तयार करतात. या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. प्रसूतीच्या वेळी बाळाचे डोके बाहेर येऊनही खांदा आईच्या जघनास्थीमागे अडकला, की मान आणि खांदा यांतील अंतर ताणले जाते व या नसा ताणतात, फाटतात किंवा मज्जारज्जूपासून मुळासकट उपटल्या जातात. दर हजार जन्मांमागे साधारण एक-दोन बाळांना अशी इजा होते, आणि त्यांतील बरीच पहिल्या काही महिन्यांत बरी होतात. प्रौढपणी हा मजकूर वाचण्याची वेळ ज्यांच्यावर येते ते उरलेल्यांपैकी होत.

वरची दोन मुळे दुखावली असतील तर खांदा व कोपर कमजोर राहतात आणि पंजा चांगला असतो. विल्हेल्म एर्ब यांनी १८७४ मध्ये वर्णन केलेला प्रकार तो हाच. खालची मुळे दुखावली तर पंजावर परिणाम होतो. त्या प्रकाराला १८८५ मध्ये त्याचे वर्णन करणाऱ्या ऑगस्टा क्लुम्पके यांचे नाव आहे. पाचही मुळे गेली असतील तर संपूर्ण हात, आणि कधीकधी त्याच बाजूची पापणी व बाहुलीही बाधित होते. आपल्या बाबतीत कोणती मुळे गेली आहेत हे एका ओळीत सांगता यायला हवे, कारण पुढचा प्रत्येक सल्ला त्यावर अवलंबून असतो.

मोठ्या माणसाची नस अपघातात तुटते त्याहून ही इजा एका बाबतीत वेगळी असते. बाळाच्या नसा वाढत परत येतात खऱ्या, पण त्यांतील काही चुकीच्या स्नायूंत जाऊन पोहोचतात. त्यामुळे हात वर उचलायला गेले की कोपर आपोआप वाकते, आणि कोपर वाकवताना ते सरळ करणारा स्नायूही आखडतो. घास तोंडाशी नेताना कोपर तुतारी वाजवणाऱ्यासारखे वर जाते ते यामुळेच. हा आळस नव्हे आणि वाईट सवयही नव्हे. “हात सरळ ठेव” असे कितीही वेळा सांगितले तरी त्याने काही बदलत नाही. (लहानपणी हे वाक्य ऐकून खजील झालेल्यांनी आता तरी ते मनातून काढून टाकावे.)

आणखी तीन गोष्टी पक्क्या माहीत असाव्यात. हा पोलिओ नव्हे. हे आनुवंशिक नाही, म्हणून लग्न ठरवताना या विषयाची लपवाछपवी करण्याचे कारण नाही. आणि तिसरी सर्वांत महत्त्वाची: नसांची ही इजा वयाबरोबर वाढत नाही. सांधा झिजतो, स्नायू थकतात, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) आखूड होतात आणि त्यामुळे हात पूर्वीपेक्षा कमी चालतो. परंतु हातातील ताकद काही आठवड्यांत किंवा महिन्यांत स्पष्टपणे कमी झाली, नव्याने बधिरपणा आला, किंवा पायांतही फरक जाणवू लागला, तर “ते जन्मापासूनचे आहे” असे म्हणून कुणी परत पाठवले तरी मानू नये. मानेतील चकती, दुसरीकडे दाबली गेलेली नस, मधुमेह अशी नवी कारणे शोधावी लागतात.

त्यासाठी जुनी स्थिती नोंदलेली असणे उपयोगी पडते. वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी, कुणाकडून तरी मोबाइलवर पाच हालचालींचे चित्रण करून घ्यावे: हात बाजूने वर नेणे, कोपर कमरेला टेकवून पंजा बाहेर फिरवणे, हात डोक्यामागे नेणे, पाठीमागे नेणे आणि तोंडाशी नेणे. तज्ज्ञ ज्या मॅलेट मोजपट्टीने खांदा मोजतात तिच्यातही याच हालचाली असतात. दोन मिनिटांचे हे चित्रण दहा वर्षांनी एखाद्या जाडजूड फाइलपेक्षा जास्त सांगते.

एक आठवडा हिशेब लिहून पाहावा

एक साधी वही घ्यावी आणि सात दिवस रोजच्या कामांपुढे तीन गोष्टी लिहाव्यात: काम कोणत्या हाताने केले, ते करताना शरीर कुठे वाकले किंवा कशाचा आधार घेतला, आणि रात्री काय दुखले. मी हे केले तेव्हा लक्षात आले, की शर्टाचे वरचे बटण लावताना मी मान वाकडी करतो, डबा उघडताना तो मांड्यांत धरतो, पिशवी दातांत पकडतो, आणि बसमध्ये तासभर एकाच हाताने दांडी पकडून त्याच बाजूच्या खांद्यावर लॅपटॉप वाहतो. यांतले काहीच अवघड वाटत नव्हते, म्हणून ते कधी दिसलेही नव्हते. चांगल्या खांद्याची कंडरा, मनगटातून जाणारी नस, अंगठ्याचा सांधा, मान आणि कंबर ही माणसे मुकाट्याने जादा पाळी करत असतात.

वहीतून जी कामे रोज होतात आणि ज्यांनी दुखते तेवढीच निवडावीत व आधी ती बदलावीत. वर्षातून एकदा दिवाळीत माळ्यावरचे डबे काढण्याची पद्धत बदलून फारसे काही साधत नाही. रोजची पिशवी बदलल्याने साधते. पिशवीचा एक पट्टा उतरत्या, कमजोर खांद्यावरून घसरतो म्हणून आपण ती नेहमी चांगल्या खांद्याला अडकवतो. त्याऐवजी छातीवर आडवा पट्टा असलेली पाठपिशवी घ्यावी, किंवा ओझे असेल तर चाकांची पिशवी ओढावी.

स्वयंपाकघर, कपडे आणि न्हाणीघर

एका हाताने काम करणाऱ्याला दुसरा हात लागतो तो बहुतेकदा वस्तू नुसती धरून ठेवायला. म्हणून वस्तू घसरू नये एवढी व्यवस्था केली की निम्मे काम होते. पोळपाटाखाली आणि परातीखाली ओले फडके किंवा रबरी जाळीचा तुकडा ठेवावा. जमिनीवर बसायला जमत असेल तर विळी सुरीपेक्षा सोपी पडते, कारण पाते जागेवर राहते आणि फक्त भाजी हलवावी लागते. मात्र दुखावलेल्या हाताच्या बोटांना स्पर्श कमी कळत असेल तर विळीच्या वाटेला जाऊ नये. कणीक मळणे हे चांगल्या मनगटाचे सर्वांत महागडे काम आहे. त्यासाठी यंत्र घेणे, घरातल्या दुसऱ्याकडे ते काम देणे किंवा भाकरी-भात वाढवणे, यांत कमीपणा मानू नये. भरलेला कुकर उचलण्याऐवजी तो ओट्यावरून सरकवता येईल अशी शेगडी आणि बेसिन यांची मांडणी करावी. पंजाला संवेदना कमी असेल त्यांनी तवा, वाफ आणि इस्त्री यांच्याजवळ तो हात आधाराला टेकवण्याची सवय मोडावी; चटका कळायला उशीर होतो आणि तोवर फोड आलेला असतो.

जेवणाच्या ताटावर एक वेगळाच प्रश्न असतो. ज्यांचा उजवा हात अधू आहे त्यांना डाव्या हाताने जेवावे आणि द्यावे-घ्यावे लागते, आणि पंगतीत किंवा देवळात कुणीतरी टोकतेच. शिवाय एर्ब्ज पाल्सीत तळहात वर वळत नाही, त्यामुळे ओंजळ होत नाही; तीर्थ सांडते, कंडक्टरने दिलेली सुटी नाणी पडतात. तीर्थासाठी चांगल्या हाताचाच तळवा पुढे करावा आणि गुरुजींनी काही म्हटलेच तर “दुसरा हात वळत नाही” एवढेच सांगावे. माझा अनुभव असा, की स्पष्ट सांगितल्यावर आजवर एकाही गुरुजींनी हुज्जत घातलेली नाही. हुज्जत घालतात ते मागच्या रांगेतले.

कपडे घालताना अधू हात आधी बाहीत घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा. ब्लाउजचे हूक पुढे असावेत, कुर्त्याला पुढून पट्टी असावी, आणि शिंप्याला दोन्ही बाह्यांची मापे वेगवेगळी घ्यायला सांगावे, कारण हा हात बहुधा थोडा आखूड आणि दंड बारीक असतो. साडीच्या निऱ्या शिवून घेतल्या की सणासमारंभाची सकाळ शांतपणे जाते. केसांची वेणी किंवा अंबाडा घालताना हात डोक्यामागे पोहोचत नसेल तर टेबलावर कोपर टेकवून डोके खाली आणावे. हात वर ओढत नेण्याचा प्रयत्न केला की पाठ वाकते.

शौचानंतरच्या स्वच्छतेविषयी कुणी बोलत नाही, म्हणून येथे लिहितो. डावा हात पाठीमागे पोहोचत नसेल तर जेट स्प्रे उजव्या बाजूला बसवून घ्यावा, कमोडशेजारी भिंतीला आडवी दांडी लावावी आणि प्रवासात लहान फवाऱ्याची बाटली जवळ ठेवावी. ही सोय नसल्यामुळे नातेवाइकांकडे मुक्काम टाळणारे लोक आहेत, आणि मीही बरीच वर्षे त्यांच्यापैकी होतो.

व्यायाम आणि दुखणे

प्रौढपणी व्यायामाचे उद्दिष्ट नस परत आणणे हे नसते. तुटलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, आणि नसेविना राहिलेला स्नायू दीड-दोन वर्षांत कायमचा निकामी होतो. तो काळ आपल्या पाळण्यातच सरला. आता उद्दिष्ट आहे सांधे मोकळे ठेवणे, खांद्याच्या फऱ्याभोवतीचे स्नायू बळकट करणे आणि चांगल्या बाजूला विश्रांती देणे.

पाठीवर झोपून, कोपर कुशीला टेकवून, दोन्ही हातांत एक काठी आडवी धरावी आणि चांगल्या हाताने तिच्या साहाय्याने अधू पंजा हळूहळू बाहेरच्या दिशेने ढकलावा. अर्धा मिनिट थांबावे आणि असे चार-पाच वेळा करावे. तसेच कोपर सरळ करण्याचा ताण द्यावा. एक अट मात्र आहे. अनेकांच्या खांद्याची खोबण लहानपणापासून सपाट व वेडीवाकडी वाढलेली असते आणि तीत बसणारा दंडाच्या हाडाचा गोळा मागे सरकलेला असतो. अशा सांध्यावर जोर केला तर फायद्याऐवजी झीज होते. म्हणून एकदा क्ष-किरण तपासणी करून घ्यावी, अस्थिरोगतज्ज्ञांकडून खोबणीची स्थिती विचारावी, आणि मगच फिजिओथेरपिस्टकडे जावे. मुंबईत हाजीअलीजवळ १९५५ पासून चालणारी केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. तेथे एकाच छताखाली तपासणी आणि सल्ला मिळू शकतो.

सूर्यनमस्कार घालायचेच असतील तर जमिनीऐवजी भिंतीवर किंवा टेबलाच्या कडेवर हात टेकवून घालावेत, नाहीतर सगळे वजन एका मनगटावर येते. मालिश सुखावह असते आणि तेवढ्यासाठी ती जरूर करावी. पण “नस मोकळी करून देतो” म्हणून झटका देणाऱ्याच्या हाती खांदा देऊ नये. हा मोह सगळ्या काळांत होता. जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म १८५९ मध्ये पायाळू जन्मला आणि त्याचा डावा हात असाच अधू राहिला. राजवैद्यांनी तो हात नुकत्याच मारलेल्या सशाच्या कलेवरात गुंडाळून पाहिला, विजेचे उपचार केले. हात होता तसाच राहिला. पुढे त्याच्या कामी आले ते काटा आणि सुरी एकत्र असलेले साधे उपकरण.

चांगल्या हाताला रात्री मुंग्या येत असतील तर मनगट सरळ ठेवणारी पट्टी झोपताना बांधावी आणि दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवावे. येथे थांबण्याची चैन आपल्याला परवडत नाही. दोन चांगले हात असलेला माणूस एक हात महिनाभर गळ्यात बांधू शकतो. आपला तो एकच आहे. याच कारणासाठी त्या हातावर शस्त्रक्रिया ठरली तर आधीच घरातल्या मदतीची, आंघोळीची आणि जेवणाची व्यवस्था लावून मगच तारीख घ्यावी.

रुग्णालयात काय सांगावे

कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. पहिली अशी, की बेशुद्धावस्थेत हात फळीवर आडवा पसरतात, आणि आपला खांदा तितका उघडत नसेल तर तेव्हा ओरडायला आपण जागे नसतो. म्हणून जागेपणी हात कुठवर जातो ते दाखवून ठेवावे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. श्वासपटलाला जाणारी नस याच मुळांच्या शेजारून निघते आणि काहींच्या बाबतीत तीही जन्माच्या वेळी दुखावलेली असते. चांगल्या खांद्यावर शस्त्रक्रिया करताना मानेत दिल्या जाणाऱ्या बधिरीकरणाच्या इंजेक्शनाने त्या बाजूचे श्वासपटल काही तास थांबते. दुसऱ्या बाजूचे आधीच अधू असेल तर श्वासाची अडचण होऊ शकते. छातीचा क्ष-किरण किंवा सोनोग्राफी करून दोन्ही बाजू हलतात का, हे आधी पाहता येते.

सीटी स्कॅनच्या वेळी हात डोक्यावर नेण्यास आणि मॅमोग्राफीच्या वेळी तो वर उचलून यंत्रावर टेकवण्यास सांगतात. तंत्रज्ञाला यंत्रापाशी गेल्यावर सांगण्यापेक्षा नाव नोंदवतानाच सांगावे.

मोठेपणी सुचवल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया म्हणजे कंडरा एका जागेवरून दुसरीकडे जोडणे, दंडाचे हाड कापून फिरवणे, मनगट स्थिर करणे, आणि सांधा फारच झिजला असेल तर तो बदलणे. यांतील प्रत्येकाचा हेतू मर्यादित असतो. शल्यविशारदाला “काय मिळेल” याबरोबरच “काय जाईल” हे विचारावे. दंडाचे हाड बाहेरच्या दिशेने फिरवले तर पंजा तोंडाशी आणि डोक्याशी सहज जातो, पण पोटाशी, पँटच्या चेनशी आणि पाठीशी जाणे अवघड होऊ शकते. आपल्याला दिवसातून कोणती हालचाल अधिक वेळा लागते हे वहीत लिहिलेले असेल, तर निर्णय सोपा होतो.

प्रमाणपत्र आणि नोकरी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ही स्थिती चलनवलनविषयक दिव्यांगत्वात मोडते. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करावा आणि जिल्हा रुग्णालयात तपासणीस जावे. तेथे सांध्यांची हालचाल, स्नायूंची ताकद आणि रोजची कामे तपासून टक्केवारी काढतात. तपासणीला जाताना आपण सगळे आयुष्य जी गोष्ट लपवायला शिकलो ती उघड करावी लागते. हात वर जात नसेल तर शरीर वाकवून तो गेल्यासारखा दाखवू नये. ‘जमते’ म्हणण्याची सवय येथे थेट टक्केवारीतून वजा होते. कागदावर पोलिओ असे लिहिले गेले तर तेव्हाच दुरुस्त करून घ्यावे.

चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर शासकीय नोकरीत ४ टक्के आणि शासकीय उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के राखीव जागांचा लाभ घेता येतो. नोकरीच्या जाहिरातीत ‘ओए’, म्हणजे एक हात बाधित, ही खूण पाहावी. जुन्या करपद्धतीत उत्पन्नातून ७५,००० रुपयांची वजावट मिळते. परीक्षेत लेखनिक आणि तासाला २० मिनिटे जादा वेळ मिळण्याची तरतूद आहे, आणि लिहिण्यास अडचण असेल तर चाळीस टक्क्यांखालील उमेदवारांसाठीही केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे आहेत.

कार्यालयात सवलत मागताना आजाराचे वर्णन न करता वस्तूचे नाव घ्यावे: हलका लॅपटॉप, आवाजाने मजकूर लिहिण्याची सोय, फोनसाठी हेडसेट, फाइली खालच्या कप्प्यात. ‘मला त्रास होतो’ या वाक्यावर वरिष्ठाला काय करावे ते कळत नाही. ‘हेडसेट हवा’ यावर कळते.

वाहन आणि मूल

भारतीय मोटारीत गिअर डाव्या हाताला असतो, म्हणून डावा हात अधू असलेल्यांनी स्वयंचलित गिअरची गाडी घ्यावी. उजवा अधू असेल तर बहुतेक गाड्यांत उजवीकडे असलेला इंडिकेटरचा दांडा अडचणीचा ठरतो. काही युरोपीय बनावटीच्या गाड्यांत तो डावीकडे असतो. स्टिअरिंगवर बसवायची मूठ एका हाताने वळण घेणे सोपे करते. गाडीतील बदलांची आणि परवान्याची नोंद आरटीओकडे रीतसर करावी, नाहीतर अपघातानंतर विमा कंपनीला आयते निमित्त मिळते.

तान्हे मूल सांभाळण्याची धास्ती अनेकांना वाटते. आपल्याकडची पाय पसरून बाळाला पायांवर घेऊन आंघोळ घालण्याची पद्धत येथे फार कामाची आहे, कारण बाळ पायांच्या खळग्यात राहते आणि एक हात पाणी घालायला मोकळा होतो. फक्त तेल लावलेले निसरडे बाळ उचलताना दुसरे कुणी जवळ असावे. लंगोट आणि कपडे पलंगावर न बदलता जमिनीवर सतरंजी टाकून बदलावेत. उचलून फिरताना चांगल्या हाताच्या बाजूला झोळी बांधू नये. ती पुढे, छातीवर बांधावी, म्हणजे जिन्याचा कठडा धरायला तो हात मोकळा राहतो.

घरात एक विषय बहुधा बंद असतो, तो आईचा. कुणी दाईला, कुणी डॉक्टरला आणि कुणी तिच्या जोर न लावण्याला दोष दिलेला असतो, आणि ती सारे मनात ठेवून असते. खांदा अडकण्याची घटना बहुतेकदा आधी ओळखता येत नाही आणि आईच्या हातात तर ती मुळीच नसते. हे तिला एकदा स्पष्ट शब्दांत सांगावे. मी सांगितले तेव्हा आई निवडत होती ती मेथी तशीच निवडत राहिली, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, “चार किलोचा होतास तू.”